साहेब वर्गात येतात तेव्हा

अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस घर बघायला निघाला की खोल्या किती, हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो, 'स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं?' रस्त्याच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर दिसायला सारखंच, अंगणही तेवढंच. पण मधून डिस्ट्रिक्टची हद्द गेली असेल तर किमतीत चांगलाच फरक पडतो. इकडे पुण्यात किंवा नाशकात बसून फोनवर हे ऐकणाऱ्या आईवडिलांना डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा वाटतो आणि एवढ्या मोठ्या जिल्ह्यात रस्ता ओलांडल्याने काय बिघडतं हे त्यांना कळत नाही.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे. ती फक्त शाळा चालवण्यासाठी आखलेली हद्द असते. अमेरिकेत अशी तेरा हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत. एखाद्यात अख्खं शहर मावतं, एखाद्यात गावातली एकुलती एक शाळा. बहुतेकांचं स्वतःचं स्कूल बोर्ड असतं, लोकांनी मतदान करून निवडलेलं. स्वतःचं अंदाजपत्रक असतं आणि त्यातला मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. म्हणजे घरं महाग तर घरपट्टी जास्त, घरपट्टी जास्त तर शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. हे चक्र कुठे सुरू होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

या डिस्ट्रिक्टचा कारभार पाहायला बोर्ड एक माणूस नेमतं. त्याला म्हणतात सुपरिंटेंडंट. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फार लांब जात नाही. शिक्षणाधिकारी सरकारच्या आदेशाने येतो आणि सरकारच्याच आदेशाने बदलून जातो. सुपरिंटेंडंट मुलाखत देऊन येतो, करारावर सही करतो, आणि बोर्डातल्या दोन-तीन जणांचं मत फिरलं की त्याला घरी जावं लागतं. अशी पहिली पदं १८३७ मध्ये बफेलो आणि लुइव्हिल या शहरांत निर्माण झाली. तेव्हापासून कामांची यादी वाढतच गेली आहे. शाळेच्या बसगाड्या, दुपारचं जेवण, गळकं छप्पर, शिक्षक संघटनेशी करार, बोर्डाची रात्री उशिरापर्यंत चालणारी जाहीर बैठक, हे सगळं त्याच्या अंगावर. बर्फ पडायला लागला की पहाटे चारला उठून आज शाळा भरवायची की नाही हेही बहुतेक ठिकाणी त्यालाच ठरवावं लागतं, आणि काहीही ठरवलं तरी निम्मे पालक चिडतात.

मोठ्या शहरांत हा माणूस सरासरी तीनेक वर्षं टिकतो. तेवढ्यात तो एक योजना आणतो, तिला एक झोकदार नाव देतो, आणि ती मुळं धरायच्या आत दुसऱ्या शहरात मुलाखत देतो. जुन्या शिक्षकांना हे पाठ झालेलं असतं. नव्या साहेबांचं भाषण ते नम्रपणे ऐकतात, टाळ्या वाजवतात, वर्गात जातात आणि दार लावून घेतात.

या प्रकरणाचा विषय ते लावलेलं दार आहे. कचेरीत बसलेल्या माणसाला चौथीच्या वर्गातलं मूल आणि त्याच्या हातातलं पुस्तक यांच्यामध्ये काय चाललंय ते बदलता येतं का? हा प्रश्न अनेकांनी भाषणात विचारला. अँथनी अल्वाराडो या माणसाने तो आपल्या नोकरीत, तीन ठिकाणी आणि तीन वेगवेगळ्या रीतींनी विचारला. पहिल्यांदा जे जमलं ते गमतीदार होतं, दुसऱ्यांदा जमलं ते थक्क करणारं होतं, आणि तिसऱ्यांदा काय झालं यावर अजून एकमत नाही.

न्यूयॉर्कपासून सुरुवात करू. १९६८ साली ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात शाळांवर ताबा कोणाचा, यावरून मोठा भडका उडाला. वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय, शिक्षक बहुतांश गोरे. स्थानिक मंडळाने काही शिक्षकांना हटवलं आणि अल्बर्ट शँकर यांच्या शिक्षक संघटनेने शहरभर संप पुकारला. लाखो मुलं कित्येक आठवडे घरी बसली. त्या जखमेवर मलम म्हणून राज्याने १९६९ मध्ये कायदा केला आणि शहराच्या प्राथमिक व माध्यमिक शाळा लहान लहान 'कम्युनिटी' डिस्ट्रिक्टमध्ये वाटून टाकल्या. अशी बत्तीस डिस्ट्रिक्ट झाली. प्रत्येकाला स्वतःचं बोर्ड आणि स्वतःचा सुपरिंटेंडंट. पगार, शिक्षकांचा करार आणि उच्च माध्यमिक शाळा मात्र मुख्य कचेरीकडेच राहिल्या. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

बत्तिसांपैकी काही बोर्डं म्हणजे नातेवाइकांना नोकऱ्या वाटण्याचं दुकान झाली. बाकीची कशीबशी चालली. चौथ्या क्रमांकाचं डिस्ट्रिक्ट मॅनहॅटनच्या ईस्ट हार्लेममध्ये होतं. वस्ती पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांची आणि कृष्णवर्णीयांची, गरिबी दाट. १९७३ मध्ये वाचनाच्या चाचणीत हे डिस्ट्रिक्ट बत्तिसात बत्तिसावं होतं. शंभरातली पंधरा-सोळा मुलं आपल्या इयत्तेच्या पातळीचं वाचू शकत होती. त्या वर्षी बोर्डाने तिशी नुकतीच ओलांडलेल्या अल्वाराडोंना सुपरिंटेंडंट नेमलं. याहून खाली जाण्यासारखी जागाच नव्हती, आणि असं पद तरुण माणसाला फार मानवतं.

अल्वाराडोंनी इथे योजना आखली नाही, माणसं शोधली. डेबोरा मायर नावाच्या शिक्षिका मोकळ्या पद्धतीने शिकवण्याचे प्रयोग करत होत्या आणि व्यवस्थेला कंटाळल्या होत्या. अल्वाराडोंनी त्यांना विचारलं, तुमच्या मनासारखी शाळा काढायची आहे का? १९७४ मध्ये एका जुन्या शाळेच्या इमारतीत काही वर्गखोल्या घेऊन सेंट्रल पार्क ईस्ट ही छोटी प्राथमिक शाळा सुरू झाली. पुढे तिचं नाव देशभर झालं. १९८७ मध्ये मायर यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, जी तोवर कुठल्याही शाळाशिक्षकाला मिळालेली नव्हती.

मग हा प्रकार वाढत गेला. ज्या शिक्षकाच्या डोक्यात शाळेचं स्वप्न आहे, त्याला एखाद्या इमारतीचा मजला द्यायचा. एकाच इमारतीत खाली जुनी शाळा, वर संगीत-नाटकाची शाळा, तिसऱ्या मजल्यावर आणखी काहीतरी. शाळा म्हणजे इमारत हे समीकरण त्यांनी मोडलं. वीसेक इमारतींत पन्नासच्या आसपास शाळा झाल्या. या पर्यायी शाळांचा कारभार १९७६ पासून सेमोर फ्लीगल पाहू लागले. नियमांना हसतमुखाने बगल देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मुख्य कचेरीला आधी विचारायचंच नाही. विचारलं की नकार येतो आणि नकार आला की तो पाळावा लागतो. करून टाकायचं, आणि कोणी चौकशीला आलंच तर त्याला शाळा दाखवायची. आपल्याकडेही चांगल्या मुख्याध्यापकांना हे शास्त्र अवगत असतं, फक्त ते पुस्तकात लिहीत नाहीत. फ्लीगल यांनी लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावातच 'मिरॅकल' म्हणजे चमत्कार हा शब्द आहे.

पुढे माध्यमिकला जाताना मुलांनी आपली शाळा निवडायची, असंही ठरलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्ट्रिक्ट चार यादीच्या तळापासून मध्यापर्यंत चढलं होतं. चमत्कार हा शब्द मला जरा जास्त वाटतो. डिस्ट्रिक्टबाहेरची, शिक्षणाची आस असलेल्या घरांतली मुलं या शाळांकडे ओढली गेली होती. केंद्र सरकारचा खास निधीही मिळत होता, आणि अंदाजपत्रकाची रेघ ओलांडून खर्च करण्याबद्दल अल्वाराडोंची ख्याती होती. तरीही जिथे कोणी मूल पाठवायला तयार नव्हतं तिथे बाहेरून मुलं यायला लागली, हेच मुळात थोडं नाही. पण एक गोष्ट राहिली. मायर यांच्यासारखी माणसं जिथे होती तिथे शाळा फुलल्या. जिथे नव्हती तिथे खालच्या मजल्यावरची जुनी शाळा जुनीच राहिली. अल्वाराडोंना ही गोष्ट टोचली असावी, कारण पुढच्या वेळी त्यांनी अगदी उलट टोकापासून सुरुवात केली.

मध्ये एक खड्डा आला. १९८३ मध्ये त्यांना सगळ्या न्यूयॉर्क शहराच्या शाळांचं चॅन्सेलरपद मिळालं. या पदावर आलेले ते पहिले लॅटिनो. आल्या आल्या त्यांनी बालवर्ग दिवसभराचे केले. वर्षभरात उघड झालं की त्यांनी हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडून मोठ्या रकमा उसन्या घेतल्या होत्या. साहेब उसने मागतो तेव्हा कारकुनाला नाही म्हणता येतं का, हा साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं. १९८४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे इथे गोष्ट संपली असती, किंवा राजकारणात सुरू झाली असती.

१९८७ मध्ये त्यांना पुन्हा एका डिस्ट्रिक्टचा सुपरिंटेंडंट नेमलं गेलं. हे दोन क्रमांकाचं डिस्ट्रिक्ट, मॅनहॅटनमधलंच. त्याचा नकाशा विचित्र आहे. दक्षिणेला वॉल स्ट्रीट आणि चायनाटाउन, उत्तरेला अप्पर ईस्ट साइडची श्रीमंत घरं, पश्चिमेला हेल्स किचन. बावीस हजारांच्या आसपास मुलं, पन्नासेक शाळा. साधारण निम्मी मुलं गरीब घरांतली, एक तृतीयांश आशियाई वंशाची, बरीच घरी इंग्रजी न बोलणारी.

या वेळी अल्वाराडोंनी एकच विषय उचलला: वाचन-लेखन. गणित, विज्ञान, शिस्त, संगणक, सगळं नंतर. एकच विषय का? कारण सगळ्या शाळांतले सगळे शिक्षक एकाच गोष्टीबद्दल बोलू लागले तरच एकमेकांकडून काही शिकतील. आणि त्यांचा दुसरा हिशेब असा होता की मुलांना चांगलं शिकवायचं तर आधी शिक्षकांना शिकवायला हवं. ते काम आठवडाभराच्या शिबिरात होत नाही, वर्गातच होतं.

शिबिर म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. मोठा हॉल, वक्त्यामागे पडदा, दुपारी जेवण, जेवणानंतर पेंगणारे शिक्षक, शेवटी हजेरीपटावर सही. अल्वाराडोंनी हा पैसा दुसरीकडे वळवला. वाचन शिकवण्यात मुरलेले तज्ज्ञ त्यांनी आणले, काही थेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून. कारण तिथे या विषयावर बरंच काम झालं होतं. तज्ज्ञाने व्याख्यान द्यायचं नाही. त्याने एका शिक्षिकेच्या वर्गात जायचं, तिच्या मुलांना घेऊन पाठ करून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी तिने करायचा, त्याने मागे बसून पाहायचं. मग दोघांनी बोलायचं. आठवडेच्या आठवडे, तोच वर्ग.

त्याहून मला आवडणारी योजना दुसरी आहे. एखादी शिक्षिका उत्तम शिकवते हे हेरून तिचा वर्ग पाहण्यासाठी खुला ठेवायचा. दुसऱ्या शाळेतली शिक्षिका तिथे सलग तीन आठवडे येऊन बसणार. तीन तास नाही, तीन आठवडे. तेवढा वेळ पाहुण्या शिक्षिकेच्या स्वतःच्या वर्गाचं काय? तिथे जाण्यासाठी अनुभवी बदली शिक्षिका ठेवलेली असे. ती आधी काही दिवस त्या वर्गात येऊन मुलांना ओळखून घेई, म्हणजे मागे सावळागोंधळ होत नसे. परत आल्यावर पाहुणीला मदत करायला यजमान शिक्षिका तिच्या वर्गात जाई. कोणाच्या हातात काय द्यायचं आणि कधी सोडायचं, याचा एवढा बारीक विचार शाळाखात्यात क्वचितच दिसतो.

याला पैसे लागतात. एकूण अंदाजपत्रकाच्या तीनेक टक्के रक्कम अल्वाराडो शिक्षकांच्या शिकण्यावर लावू लागले. कचेरीतली माणसं कमी केली आणि केंद्राचा गरीब मुलांसाठीचा निधी, राज्याचा निधी, आणखी कुठला खास निधी, असे वेगवेगळे खिसे एकत्र करून ते एकाच कामाकडे वळवले. हिशेबनीसांना घाम फुटला असणार.

मुख्याध्यापकांची महिन्यातून एकदा दिवसभर बैठक होई. तिच्यात बसचे थांबे आणि परिपत्रकं यांवर बोलायचं नाही, शिकवण्यावर बोलायचं. आणि सुपरिंटेंडंट स्वतः शाळाशाळांत फिरू लागले. त्यांच्याबरोबर उपसुपरिंटेंडंट इलेन फिंक असत. या फेरीला 'वॉकथ्रू' असं नाव पडलं.

आपल्या जुन्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा साहेब, यायचा. त्याच्या नुसत्या चाहुलीने भिंतींना चुना लागायचा, मुलांची नखं कापली जायची, हुशार मुलं पुढच्या बाकावर आणि बाकीची शेजारच्या शेतात. साहेब हजेरीपट पाहणार, एका मुलाला पाढा विचारणार, शेरा लिहिणार, आणि गुरुजींच्या घरचं जेवून बैलगाडीत बसणार. वॉकथ्रू ही त्याची पार उलटी गोष्ट होती असं म्हणवत नाही. भीती तिथेही असे. पण पाहायचं काय ते वेगळं होतं. मुख्याध्यापकाबरोबर एकेका वर्गात जायचं, मुलांशी बोलायचं, त्यांच्या वह्या उघडायच्या, काय शिकतोयस असं विचारायचं. मग मुख्याध्यापकाला विचारायचं: या तीन वर्गांतल्या कोणत्या शिक्षिकेला काय जमत नाही, आणि त्यासाठी तू काय केलंस? 'मॅडम चांगल्या आहेत' हे उत्तर चालत नसे. पुढच्या फेरीला ठरल्याप्रमाणे झालं का ते पाहिलं जाई.

ज्यांना हे उत्तर देता येत नव्हतं ते मुख्याध्यापक गेले. पहिल्या चार वर्षांत जवळजवळ दोन तृतीयांश मुख्याध्यापक बदलले. पुढे शिक्षकांपैकीही निम्मे. हे काम गाजावाजा न करता झालं. एकेकाला बोलावून, समजावून, कुठे निवृत्तीची वाट दाखवून. आणि शिक्षकांना एक पळवाट होती, तिच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. डिस्ट्रिक्ट दोनची ही कटकट ज्याला नको असेल त्याला शहराच्याच नोकरीत राहून शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जाता येत होतं. त्यामुळे संघटनेशी मोठं भांडण झालं नाही. शिवाय शिक्षकांचा करार शहराच्या मुख्य कचेरीत होई, म्हणून अल्वाराडोंना संघटनेसमोर वाटाघाटीच्या टेबलावर बसावंच लागलं नाही. ते फक्त शिकवण्याबद्दल बोलायला मोकळे राहिले.

१९८७ मध्ये हे डिस्ट्रिक्ट वाचनात शहरात दहावं होतं, १९९६ मध्ये दुसरं. हार्वर्डचे प्राध्यापक रिचर्ड एलमोर यांनी या सगळ्यावर लिहिलं आणि देशभरातले सुपरिंटेंडंट मॅनहॅटनची वारी करू लागले.

टीकाकारही होते, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. नव्वदच्या दशकात मॅनहॅटनची भाडी चढत होती. गरीब कुटुंबं बाहेर फेकली जात होती, सुस्थितीतली येत होती. गुण वाढले ते शिकवण्याने किती आणि भाड्याने किती? नव्याने शिक्षक हवे असले तर मॅनहॅटनमध्ये नोकरी कोणाला नको? डिस्ट्रिक्टने स्वीकारलेली वाचन शिकवण्याची पद्धत, जी 'बॅलन्स्ड लिटरसी' म्हणून ओळखली जाते, तीही वादात सापडली. तिच्यात पुस्तकांची मुबलकता होती, मुलांच्या आवडीला मान होता, पण अक्षर आणि उच्चार यांची पक्की, क्रमवार ओळख करून देण्यावर भर कमी. मराठीत अक्षर तसा उच्चार असल्यामुळे आपल्याला या भांडणाची तीव्रता कळत नाही. इंग्रजीत मात्र कमकुवत मूल तिथेच अडतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराने उच्चारांवर आधारलेल्या अभ्यासक्रमांकडे वळण घेतलं, तोवर हा वाद कित्येक वर्षं चालला होता. म्हणजे शिक्षकांना शिकवण्याची रीत सुरेख होती आणि शिकवलेल्या गोष्टीतला एक भाग तपासायला हवा होता, असं दोन्ही खरं असू शकतं. एलमोर यांच्या वाचकांनी बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच उचललं.

१९९८ मध्ये अल्वाराडो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला गेले. तिथल्या बोर्डाने ॲलन बर्सिन यांना सुपरिंटेंडंट केलं होतं. बर्सिन शिक्षण खात्यातले नव्हते. ते केंद्र सरकारचे वकील होते, मेक्सिकोच्या सीमेवरची गुन्हेगारी हाताळणारे. शिक्षणातलं आपल्याला कळत नाही हे ते जाणून होते, म्हणून त्यांनी अल्वाराडोंना शैक्षणिक कारभाराचे प्रमुख नेमलं. राजकारण बर्सिन बघणार, वर्ग अल्वाराडो. कागदावर जोडी झकास होती.

सॅन डिएगोत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास मुलं आणि पावणेदोनशेच्या वर शाळा होत्या. मॅनहॅटनमध्ये सुपरिंटेंडंट सकाळी भुयारी रेल्वेने निघून दुपारपर्यंत दोन शाळा पाहू शकत होता. इथे एका शाळेतून दुसरीत जायला हायवे. ज्या गोष्टी अल्वाराडोंच्या डोळ्यांत आणि पायांत होत्या त्या आता माणसांच्या साखळीतून खाली पोहोचवायच्या होत्या: अल्वाराडोंनी आपल्या हाताखालच्या सात-आठ अधिकाऱ्यांना शिकवायचं, त्यांनी प्रत्येकी वीस-पंचवीस मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापकांनी शिक्षकांना. मात्र ज्यांनी शिकवायचं त्यांचंच अजून शिकून व्हायचं होतं. गावातला कीर्तनकार गेला आणि त्याच्या जागी टाळकरी उभे राहिले तर निरूपण होतं, पण ते वेगळं होतं.

आणि घाई होती. अकरा वर्षांत जे मुरलं ते इथे दोन वर्षांत हवं होतं. बर्सिन-अल्वाराडो यांचा हिशेब असा की बोर्डातलं बहुमत पाचांत तीन एवढंच, ते कधीही जाईल. व्यवस्थेला एकदाच जोरात धक्का द्यावा. १९९९ मध्ये पंधरा मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापकांना एका फटक्यात पदावरून खाली आणून वर्गावर पाठवण्यात आलं. डिस्ट्रिक्ट दोनमध्ये याहून जास्त मुख्याध्यापक गेले होते, पण चार वर्षांत आणि बंद दाराआड. सॅन डिएगोत सगळ्या शाळांनी ती बातमी एकाच दिवशी ऐकली.

मग भांडण लागलं ते मार्गदर्शक शिक्षकांवरून. प्रत्येक शाळेत एक अनुभवी शिक्षक इतरांच्या वर्गात जाऊन मदत करेल, अशी कल्पना होती. ती वाईट म्हणायचं धाडस कोणीच केलं नाही. प्रश्न होता, तो निवडणार कोण? संघटनेचं म्हणणं, शिक्षकांना त्यात आवाज हवा. कचेरीचं म्हणणं, नाही, ज्याला पद्धत कळते तोच हवा. न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण करार दुसरीकडे होत होता. इथे समोर संघटना आणि ती वाट पाहत बसलेली. ज्याला हे नको त्याने शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जावं, ही वाटही नव्हती. हे एकच शहर, एकच डिस्ट्रिक्ट. शेजारी जायचं म्हणजे नोकरीच बदलायची. न पटलेले शिक्षक तिथेच राहिले आणि रागावलेले राहिले.

१४ मार्च २००० रोजी बोर्डाने या सगळ्याचा एकत्रित आराखडा मंजूर केला. मतं तीन विरुद्ध दोन. गरीब मुलांसाठीच्या निधीतून शाळांनी ठेवलेल्या वर्गसाहाय्यकांच्या जागा कमी झाल्या आणि तो पैसा मार्गदर्शकांवर व जादा वाचनतासांवर गेला. हे साहाय्यक म्हणजे बहुधा वस्तीतल्याच बायका, मुलांच्या भाषेत बोलणाऱ्या. शिक्षणशास्त्राच्या हिशेबात हा बदल समर्थनीय असेलही. पण शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईला रोज दिसणारा चेहरा नाहीसा झाला. ज्या बोर्ड सदस्या विरोधात होत्या, त्यांना पाडण्यासाठी त्या वर्षीच्या निवडणुकीत उद्योगपतींनी सात लाख डॉलरच्या वर पैसा ओतला. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत असा खर्च कोणी ऐकला नव्हता. त्या निवडून आल्या. पुढची चार वर्षं महत्त्वाचा प्रत्येक ठराव तीन विरुद्ध दोन असाच होत राहिला.

काय साधलं? कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका प्रतिष्ठित संस्थेच्या संशोधकांनी नंतर आकडे तपासले. मागे पडलेल्या मुलांना दिलेल्या जादा वाचनतासांचा प्राथमिक शाळेत आणि काही अंशी माध्यमिकमध्ये फायदा झाला होता; उच्च माध्यमिकमध्ये नाही. म्हणजे आराखडा फसला असं सरळ म्हणता येत नाही. इतिहासकार डायन रॅविच यांनी दोन्ही शहरांचा अभ्यास करून २०१० मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात सॅन डिएगोतल्या शिक्षकांच्या खचलेल्या मनाचं वर्णन वाचून मात्र अस्वस्थ व्हायला होतं. डिस्ट्रिक्ट दोनमध्ये शिक्षिका दुसऱ्या वर्गात बसून परत येई तेव्हा तिच्याकडे एक नवी युक्ती असे. सॅन डिएगोतली शिक्षिका वॉकथ्रूची तारीख कळली की फळ्यावर काय लिहिलेलं असायला हवं याची यादी शोधू लागली. दिपोटी परत आला होता, फक्त बैलगाडीऐवजी मोटारीतून.

अल्वाराडो २००३ मध्ये सॅन डिएगोतून बाहेर पडले. २००४ च्या निवडणुकीत बोर्डातलं बहुमत उलटलं आणि २००५ मध्ये बर्सिनही गेले. पुढच्या सुपरिंटेंडंटांनी शाळांना बरंचसं स्वातंत्र्य परत दिलं.

त्याच २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काहीतरी गमतीदार घडलं. शाळांचा कारभार महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या हाती आला होता. त्यांचे चॅन्सेलर जोएल क्लाइन हेही वकीलच. बत्तीस डिस्ट्रिक्ट दहा मोठ्या विभागांत विलीन झाली आणि डिस्ट्रिक्ट दोनमधली वाचनाची पद्धत जवळजवळ साऱ्या शहरासाठी ठरवण्यात आली. प्रत्येक वर्गाला पुस्तकांचं छोटं ग्रंथालय मिळालं, ते उत्तमच झालं. वाचनाच्या तासाला मुलांनी शिक्षिकेभोवती जमायचं म्हणून वर्गात गालिचाही हवा, असं ठरलं. डिस्ट्रिक्ट दोनमध्ये हा गालिचा एखादी शिक्षिका अंथरे, कारण तीन आठवडे दुसऱ्या वर्गात बसून तिने पाहिलेलं असे की मुलं बाकांवरून उठून खाली बसली की पुस्तकाबद्दल वेगळं बोलतात. आता तो गोदामातून आला. शिक्षक संघटनेच्या तक्रारींत भिंतीवरचे तक्ते कसे लावायचे याच्या सूचनांबरोबर या गालिच्याचाही उल्लेख होऊ लागला. कित्येक वर्गांत तो मुकाट्याने अंथरला गेला, आणि मुलं बाकांवरच बसून राहिली असणार.